पिवळा परिच्छेद

मामंजींनी टॅबलेटवर अक्षरं मोठी करायला शिकून घेतलं आणि त्या दिवसापासून थोरलीच्या पोटात दुखायला लागलं.

तोवर सगळं ठीक चाललं होतं. म्हणजे धाकटी जाऊ घरात आली, तीही वकील निघाली, मामंजींच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात खिडकीजवळची उजेडाची जागा बघून तिचं टेबल टाकलं गेलं, हे सगळं थोरलीने हसतमुखाने गिळलं होतं. वकिली या घरात सुनांच्याच वाट्याला आलेली. मामंजींच्या दोन्ही मुलांनी काळ्या कोटाला लांबूनच नमस्कार केला होता. एक औषधं विकत होता, दुसरा पूल बांधत होता. तेव्हा या ऑफिसाची खरी वारस आपण, अशी थोरलीची खात्री होती. तिने ती कधी बोलून दाखवली नाही, कारण न बोलताच सगळ्यांना ठाऊक आहे असं तिला वाटायचं. माणसं अशीच फसतात.

तिची जागा म्हणजे निकालांच्या कपाटांपुढची खुर्ची. मामंजींनी नुसतं म्हणायचं, "ते गोदामवाल्याचं प्रकरण होतं ना गं?" की थोरली उठायची, हात वर करायची आणि छापील निकालांचा नेमका खंड खाली काढायची. दुपारी जेवणं झाली की ती त्यांना निकाल वाचून दाखवायची. त्यांची नजर अधू झालेली, ते डोळे मिटून ऐकायचे, आणि कामाचं वाक्य आलं की एक बोट वर करायचे. थोरली तिथे थांबायची, तेच वाक्य पुन्हा वाचायची. ते वर झालेलं बोट म्हणजे तिची सगळी कमाई होती.

आणि या बयेने येऊन काय केलं, तर म्हणाली, "मामंजी, दोन बोटं अशी टेकवायची आणि फाकवायची. झालं मोठं अक्षर!"

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर थोरली खंड उघडून बसली, तर समोरची खुर्ची रिकामी. मामंजी धाकटीच्या टेबलाशी बसून टॅबलेटवर आपले आपण वाचत होते. वाचता वाचता कुठल्या तरी न्यायाधीशाच्या टोमण्यावर खुदकन हसलेही. थोरलीने खंड थोडा वेळ मांडीवर तसाच ठेवला. मग फडक्याने पुसून, जणू पुसायलाच काढला होता असं दाखवत, जागेवर ठेवून दिला.

धाकटीचं म्हणणं सरळ होतं. ते तिने थोरलीला एकदा नीट बसवून समजावलंही होतं. "ताई, कायद्याचं कलम बघायचं ते सरकारच्या साइटवर. दुरुस्ती झाली की आधी तिथे चढते. निकाल कोर्टाच्या स्वतःच्या साइटवर. फार जुने हवे असतील तर त्या लॉ कॉलेजने आपली अख्खी लायब्ररी सगळ्यांसाठी उघडी केलीय. आणि नुसता मुद्दा डोक्यात आहे, निकालाचं नाव माहीत नाही, असं असेल तर ही चौथी. शब्द टाकायचा, तो शब्द ज्या ज्या निकालात आहे ते सगळे समोर येतात. शब्द पिवळा दिसतो. सगळं फुकट."

"फुकट आहे म्हणजे भरवसा किती, तेही दिसतंच आहे," थोरली म्हणाली.

"भरवसा ठेवायचाच नसतो ताई. तपासून घ्यायचं असतं."

हे उत्तर थोरलीला इतकं झोंबलं की पुढचे काही दिवस तिने चहा वेगळा घेतला. आपण आजवर भरवशावर जगलो आणि ही तपासणारी! वर पुढच्या महिन्यात मामंजींनी नव्या खंडांची मागणीच थांबवली. कपाटात शेवटच्या खंडाशेजारी रिकामी जागा राहिली, तिथे धाकटीने आपला चार्जर ठेवला. थोरली येता-जाता त्या चार्जरकडे असं बघायची, की चार्जरच्या जागी माणूस असता तर त्याने घर सोडलं असतं.

एक मात्र होतं. टॅबलेट हातात घेऊन मामंजी अधूनमधून तिच्या खुर्चीपाशी यायचे. "सूनबाई, हा निकाल असं म्हणतोय. तुला पटतं का?"

"पडद्यावर आहे म्हणजे असेलच की बरोबर," थोरली तुटकपणे म्हणायची. आपली समजूत काढायला येतात, असं तिने मनाशी धरलं होतं. मामंजी मग तिथेच घुटमळायचे, "तरी पण?" म्हणायचे, आणि ती नाइलाजाने दोन वाक्यं बोलायची.

अशात शिंप्याचं अपील आलं.

बाजारातल्या कोपऱ्यावर त्याचं भाड्याचं दुकान होतं. शिडीवरून पडून खुबा मोडला, बरेच महिने हॉस्पिटलात आणि मग लेकीकडे अंथरुणात गेले. दुकानाला कुलूप. घरमालक कोर्टात गेला, म्हणाला, हा जागा सोडून गेला. खालच्या कोर्टाने ते मान्य केलं आणि दुकान खाली करायला सांगितलं. शिंपी ऑफिसात आला तेव्हा काठी दोन गुडघ्यांत धरून बसला आणि तिघांकडे आळीपाळीने बघत म्हणाला, "माझं मशीन आत आहे हो. मशीन आत ठेवून कुणी दुकान सोडतं का?"

मामंजींच्या घशाचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी आवाज चढवायला साफ मनाई केली होती. शिंपी गेल्यावर ते दोन्ही सुनांना म्हणाले, "मला काही आता उभं राहता यायचं नाही. दुकान बंद ठेवणं म्हणजे सोडणं नव्हे, असं सांगणारा निकाल मला पाहिजे. जिचा निकाल भक्कम, ती उभी राहील."

चहा कोण टाकतंय, असं विचारावं तितक्या सहज ते हे बोलले. थोरलीला मात्र ते सहज घेता येईना. सनद घेऊन तिला कैक वर्षं झाली होती, आणि वरच्या कोर्टात ती एकदाही बोललेली नव्हती. ती मामंजींच्या मागच्या बाकावर बसायची, कागद पुढे करायची. न्यायमूर्तींनी प्रश्न विचारला की तिला उत्तर आधी सुचायचं आणि मामंजींच्या कानात सांगण्यात ते संपून जायचं. तिला एकदा तरी उभं राहायचं होतं, आपलं उत्तर आपल्या तोंडाने द्यायचं होतं. आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त तिला असं वाटत होतं की धाकटीने उभं राहू नये.

तिने कपाटं पालथी घातली. धुळीने शिंकून शिंकून नाक लाल झालं. खंडांत गोदामं सापडली, हॉटेलं सापडली, एक बंद पडलेली गिरणी सापडली. आजारी माणसाचं दुकान काही सापडेना. आणि इकडे धाकटी पहिल्याच संध्याकाळी फाइल मिटवून मोकळी. "मला एक मिळालाय. न्हाव्याचं दुकान आहे, तोही आजारीच होता. साधाच निकाल आहे, दीड पानाचा. पण भाडेकरू जिंकलाय."

तो दीड पानाचा निकाल थोरलीने वाचला. वाळल्या पावासारखा कोरडा होता, पण चूक काढायला जागा नव्हती. तिचा जळफळाट झाला. तेव्हा तिने जे कधी करणार नाही म्हणून मनात शपथ घेतली होती तेच केलं. भर दुपारी कपडे वाळत घालायचं निमित्त काढून ती गच्चीवर गेली, ओल्या चादरीच्या आडोशाला बसली आणि मोबाइलवर ती चौथी साइट उघडली.

पहिल्यांदा "दुकान" टाकलं तर निकालांचा पूरच आला. "आजारी" टाकलं तर सगळे विम्याचे खटले. मग तिने "कुलूप" आणि "परत" असे दोन शब्द टाकले, एका जुन्या निकालावर बोट ठेवलं, आणि पडद्याने तिला थेट मधल्या एका परिच्छेदावर नेऊन उभं केलं. दोन्ही शब्द पिवळेधमक.

"दाराला कुलूप आहे एवढ्यावरून माणूस जागा सोडून गेला असं म्हणता येत नाही. ज्याला परत यायचं नसतं तो किल्ली देऊन जातो. कुलूप लावणारा माणूस परत येण्यासाठीच कुलूप लावतो."

थोरलीने ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा मोठ्याने वाचलं. कुठे तो न्हावी आणि कुठे हे! तिने खाली येऊन परिच्छेद सुवाच्य अक्षरात कागदावर उतरवला, खाली निकालाचा क्रमांक आणि साल घातलं, आणि संध्याकाळी मामंजींपुढे ठेवला.

मामंजींनी कागद डोळ्यांजवळ नेला. वाचून झाल्यावर त्यांचं ते एक बोट वर झालं. "पुन्हा वाच."

थोरलीने वाचलं.

"वा! कुणी लिहिलंय हे? इतकं साधं वाक्य मला उभ्या जन्मात सुचलं नाही," मामंजी म्हणाले. "तूच उभी राहा, सूनबाई."

धाकटी खिडकीजवळ उभी होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "ताई, अख्खा निकाल बघू का एकदा? लिंक पाठवता?"

"कशाला? तपासायला?" थोरली गोड हसून म्हणाली. "माझं झालंय तपासून."

साफ खोटं होतं ते. पण त्या क्षणी तिला खरं-खोटं काही दिसत नव्हतं, धाकटीचा उतरलेला चेहरा तेवढा दिसत होता, आणि तो बघून तिचं पोट भरत होतं.

दोन दिवस ती हवेत होती. कोट धुऊन, इस्त्री करून आणला. आरशासमोर "माय लॉर्ड" म्हणून पाहिलं, मग जरा खालच्या पट्टीत म्हणून पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी, कोर्टाला द्यायच्या प्रती काढायच्या म्हणून तिने अख्खा निकाल प्रिंटरवर सोडला. पानं गरम गरम बाहेर आली. ती क्रमाने लावता लावता तिची नजर सहज आपल्या परिच्छेदाच्या आदल्या पानाच्या तळाशी गेली.

"भाडेकरूच्या वकिलांनी आपली बाजू पुढीलप्रमाणे मांडली."

आणि त्याच्या पुढे तो परिच्छेद.

थोरलीने पान उलटलं. "हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे," न्यायमूर्तींनी लिहिलं होतं, "परंतु तो आम्हाला मान्य करता येत नाही." भाडेकरू हरला होता. जागा खाली करून द्यावी लागली होती. म्हणजे हे वाक्य कोर्टाचं नव्हतंच. कोर्टाने वकिलाचं म्हणणं आधी नोंदवलं आणि मग फेटाळलं होतं. शिकाऊ पोराला कळावी अशी गोष्ट. पण थोरलीचा हात आयुष्यभर छापील खंडांवर बसलेला. खंडात निकालाच्या डोक्यावर संपादकाने सारांश दिलेला असतो, कोण जिंकलं आणि का, ते पहिल्या दहा ओळींत कळतं, आणि मग माणूस बेलाशक मधलं पान उघडतो. साइटवरच्या निकालाला तसलं डोकं नव्हतं. ती सवयीने मधेच उतरली होती आणि वर काय आहे ते बघायला गेलीच नव्हती.

मग तिने पहिलं पान वाचलं. भाडेकरूचे वकील कोण, ते तिथे छापलेलं होतं. नाव मामंजींचं होतं.

ती पानं मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. पहिला विचार काय आला म्हणाल, तर खापर साइटवर फोडावं! फुकटच्या मालात खोट निघाली, मी म्हणतच होते, असं म्हणून मोकळं व्हावं. पण त्या बिचाऱ्या साइटने ओळ न् ओळ खरी दिली होती. दुसरा विचार आला की गप्प राहावं, उभं राहावं, कदाचित कुणाच्या लक्षात येणार नाही. हा विचार जरा जास्त वेळ टिकला. मग तिला समोरचा वकील डोळ्यांपुढे दिसला, अदबीने म्हणणारा, बाईंनी कृपा करून पुढचा परिच्छेदही वाचावा. आणि त्यामागे दिसला काठी गुडघ्यांत धरून बसलेला शिंपी. ती उठली, पानं घेतली आणि मामंजींपुढे जाऊन उभी राहिली. धाकटी तिथेच होती. असू दे, थोरलीने मनाशी म्हटलं, व्हायचा तो पाणउतारा एकदाच होऊ दे.

"मामंजी, माझी चूक झाली. ते वाक्य कोर्टाचं नाही, वकिलाचं आहे. आणि ते वकील तुम्ही आहात. आपण हरलो होतो."

मामंजींनी पानं घेतली, एकेक डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचली. "घड्याळवाला," शेवटी ते म्हणाले. "घड्याळं दुरुस्त करायचा. हरल्यावर कोर्टाबाहेर माझ्याशी एक शब्द बोलला नाही. ते पक्कं लक्षात आहे माझ्या. हे वाक्य मी बोललो होतो, ते साफ विसरलो." ते हसायला लागले, हसता हसता खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर हसणंही थांबलं. "मग आता आपल्या हातात काय राहिलं, सूनबाई?"

हे मात्र थोरलीला फार जड गेलं. "धाकटीचा निकाल," ती म्हणाली. "कोरडा आहे. पण त्यात कोर्ट बोलतंय."

"तुला पटतो?"

"पटतो."

"मग तीच उभी राहील," मामंजी म्हणाले आणि ती जुनी पानं बरोबर घेऊन आत पडायला गेले.

ऑफिसात दोघीच उरल्या. थोरली खुर्चीवर जाऊन कपाटाकडे तोंड करून बसली. आता ही जवळ येऊन गोड गोड बोलणार, समजूत घालणार, आणि आपल्याला ते ऐकून घ्यावं लागणार, या कल्पनेनेच तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. धाकटी जवळ आलीही. पण बोलली ते भलतंच.

"ताई, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तो परिच्छेद कुणाचा आहे ते. तुम्ही कागद ठेवलात त्याच संध्याकाळी मी शोधला. वरून खाली वाचला."

थोरली गर्रकन वळली. "मग तोंडाला कुलूप घालून का बसलीस?"

"तुम्ही कोर्टात तोंडावर पडावं असं वाटलं म्हणून." धाकटी रडत नव्हती, पण तिचा आवाज ताळ्यावर नव्हता. "निकाल मी शोधते. अक्षर मोठं मी करून देते. आणि मामंजी तो उचलून कुणाकडे जातात? तुमच्याकडे. 'सूनबाईला पटलंय,' असं येऊन मला सांगतात, मग ते कामाचं ठरतं. मला आजवर एकदा तरी विचारलंय, तुला पटतं का म्हणून? आत्तासुद्धा निकाल माझा, आणि विचारलं कुणाला? मी म्हणजे त्यांच्या लेखी त्या टॅबलेटसारखी. चार्ज करून ठेवायची."

थोरलीला आठवलं, टॅबलेट घेऊन घुटमळणारे मामंजी, त्यांचं ते "तरी पण?", आणि आपण समजूत समजून झटकून टाकलेले ते प्रश्न. म्हणजे इतके दिवस ही खिडकीजवळ बसून जळत होती! उजेडात बसून, सगळ्या साइट हाताशी असून, जळत होती आणि तीही आपल्यावर!

"शिंप्याचं मशीन आत आहे गं," थोरली म्हणाली.

धाकटीने मान खाली घातली. "सुनावणीच्या आदल्या दिवशी सांगणार होते. निदान स्वतःला तरी तसं सांगत होते."

खरं तर थोरलीने आता आकाशपाताळ एक करायला हवं होतं. मोठ्या जावेला अशी संधी जन्मात एकदा मिळते. पण राग येता येता मध्येच अडकला, आणि त्याच्या जागी पोटातून एक उबदार, निलाजरा आनंद वर यायला लागला. आपला कुणी हेवा करावा, आणि तोही या मुलीने, इतका की तिने रीत सोडावी, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"तुम्हीच उभ्या राहा, ताई," धाकटी म्हणाली. "मी काय केलं ते मामंजींना मी सांगते. तुम्ही निदान आपली चूक स्वतः जाऊन सांगितलीत. माझा हक्क राहिला नाही."

अशा वेळी नको नको म्हणायचं असतं. तूच राहा गं, तुझाच निकाल आहे, असं समोरच्याने दोनदा आग्रह करेपर्यंत म्हणत राहायचं असतं. थोरलीलाही ते चांगलं ठाऊक होतं. तिने तोंड उघडलं, तर त्यातून बाहेर पडलं, "दे इकडे फाइल."

धाकटीला हे अपेक्षित नव्हतं.

"आणि तू माझ्या मागे बसायचं," थोरली पुढे म्हणाली. "मी कुठे घसरले तर बाही ओढायची. उत्तर सुचलं तर कानात सांगायचं."

धाकटीने न्हाव्याच्या निकालाची फाइल पुढे केली, पण तिची बोटं काही लगेच सुटली नाहीत. तिचा चेहरा असा पडला होता, इतका उघड, इतका हावरा, की थोरलीला आरशात बघितल्यासारखं झालं. कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं तिला बरं वाटलं. मग तिने फाइल ओढून घेतली.